लोणारची प्रदक्षिणा

आपल्या स्वयंपाकघरात लोणार रोज येतं, फक्त ते आपल्या ध्यानात येत नाही. संस्कृतातल्या ‘लवण’ शब्दाचं प्राकृतात ‘लोण’ झालं. मिठात मुरवलं ते लोणचं. भाजीत मीठ पडलं नाही की ती अळणी, म्हणजे लवणाविना. मीठ पिकवणारे ते लोणारी. बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार गावाचं नावही याच कुळातलं. समुद्र तिथून शेकडो किलोमीटर दूर. तरीही त्या गावाच्या कडेला एक प्रचंड खड्डा आहे आणि त्याच्या तळाशी खारं पाणी आहे. हे पाणी इथं कसं आलं आणि खारं का झालं, हा प्रश्न इथल्या माणसांना शेकडो वर्षं पडत आला आहे. त्याची जी उत्तरं दिली गेली, त्यांचाच इतिहास आज मला सांगायचा आहे. तोही चालत चालत, कारण लोणार समजून घ्यायचं तर त्याला फेरी घालावी लागते.

आधी आकार डोळ्यांसमोर आणू या. काठापासून काठापर्यंत सुमारे एक किलोमीटर आठशे मीटर रुंदीचा जवळजवळ गोल वाडगा. काठावरून पाणी सुमारे १३७ मीटर खाली. तळ्याचा व्यास सरासरी सव्वा किलोमीटरच्या आत-बाहेर. वाडग्याच्या उतारावर सगळीकडे जंगल. गावाच्या बाजूनं पायऱ्यांनी खाली उतरायचं, झाडीतून तळ्याला वळसा घालायचा आणि परत वर यायचं. चढ-उतार धरून पाच-सहा किलोमीटरचं चालणं होतं. हे अभयारण्य असल्यानं वनखात्याचे नियम पाळूनच आत जायचं असतं. आजवर तीनदा मी ही फेरी केली आहे. पावसाळ्यानंतर पाणी चढलं की काठाची पायवाट बुडते आणि झाडीतून वरची वाट धरावी लागते. उन्हाळ्यात पाणी मागं सरतं आणि पांढुरका, चिकट चिखल उघडा पडतो. थोडक्यात, इथली वाट ठरवतं ते पाणी.

फेरीची सुरुवात होते गोमुखाच्या धारेपाशी. काठाजवळच्या खडकातून बारमाही गोडं पाणी पडतं, भाविक त्याखाली अंघोळ करतात. गावातलं दैत्यसूदनाचं मंदिर इथून लांब नाही. त्याच्या दगडी भिंती मूर्तिकामानं भरलेल्या आहेत. लोणारचं पहिलं उत्तर याच मंदिरात मिळतं. लवणासुर नावाचा दैत्य या खड्ड्यात लपून राहत होता. विष्णूनं कोवळ्या तरुणाचं रूप घेतलं, खड्ड्यावरचं झाकण पायाच्या अंगठ्यानं उडवलं आणि दैत्याला मारलं. ते झाकण दूर जाऊन पडलं, त्याची टेकडी झाली, असं सांगतात. पाणी खारं आहे ते दैत्याच्या रक्तामांसामुळे.

या कथेला हसणं सोपं आहे. पण ती रचणाऱ्यांनी काय काय पाहिलं होतं, ते पाहा. खड्डा नदीनं कोरलेला नाही, तो एका जोरदार आघातानं उघडलेला आहे, हे त्यांना दिसलं. आतलं काहीतरी उडून लांब पडलं आहे, हे दिसलं. आणि पाण्यातला खार आतच तयार होतो, हेही दिसलं. आघात, उडालेले दगड आणि खार, या तिन्ही गोष्टी पुढं विज्ञानालाही मोजाव्या लागल्या.

पायऱ्या उतरू लागलं की ऊन मागं राहतं. वर कोरड्या रानातली झाडं, सागाची मोठी पानं पायाखाली वाजतात. खाली चिंचेची गर्द सावली. त्याखाली बाभळी आणि शेवटी पाण्याभोवती उघड्या चिखलाचा पट्टा. झाडांची ही एकात एक वर्तुळं लोणारला येणाऱ्यांनी पूर्वीपासून नोंदवून ठेवली आहेत. जसजसं पाण्याजवळ जावं तसतसा जमिनीतला खार वाढतो आणि सोसणारी झाडंच तेवढी उरतात. मध्येच मोर ओरडतो, वानरं फांद्या हलवतात. झाडीत जुनी देवळं उभी आहेत. काही पडकी, काहींच्या गाभाऱ्यात वटवाघळं.

दुसरं उत्तर इथं, या झाडीत आठवतं. ते अकबराच्या दरबारातून आलेलं आहे. १५९६ मध्ये वऱ्हाड मोगलांकडे गेला. त्याच सुमारास अबुल फजल ‘आईन-ए-अकबरी’ पुरी करत होता. फारसी मला येत नाही, मी तो मजकूर भाषांतरातून वाचला आहे. वऱ्हाड सुभ्याचा हिशेब देताना तो मेहकरच्या भागात लोणारची नोंद करतो. पाणी खारं, पण काही जागी गोडं लागतं. काच आणि साबण करायचा माल इथं मिळतो, सोरा निघतो आणि त्याचा महसूल चांगला येतो. कारभाऱ्यानं लिहावं तसंच हे लिहिलेलं आहे. पण तो तिथं थांबत नाही. ब्राह्मण या जागेला विष्णुगया म्हणतात, हेही तो लिहितो. पितरांच्या मुक्तीसाठी तीन गया मानतात, त्यातली ही एक. वर टेकडीवर बैलाच्या तोंडातून पडणारा झरा आहे. त्याचं पाणी एरवी तळ्यात जात नाही, सोमवती अमावस्येला मात्र जातं, अशी समजूतही तो टिपून ठेवतो. महसूल आणि अमावस्या एकाच परिच्छेदात! आपल्याला आज यात विसंगती वाटते. त्याला वाटली नाही, कारण मुलूख समजून घेणं म्हणजे तिथं काय पिकतं आणि तिथले लोक काय मानतात, हे दोन्ही जाणणं, असं तो धरून चालला होता.

तळ्याच्या काठी कमळजा देवीचं देऊळ आहे. त्याच्यासमोर सासू-सुनेची विहीर. तिच्या एका बाजूचं पाणी गोडं, दुसऱ्या बाजूचं खारं, असं सांगतात. गोडी कुणाची आणि खारटपणा कुणाचा, हे विचारण्याचं धाडस मी केलेलं नाही. अबुल फजलनं ऐकलेलं गोडं पाणी हेच, असं म्हणायला पुरावा नाही. पण त्याला कुणी थाप मारली नव्हती एवढं नक्की. गोड्या पाण्याचे झरे आजही आहेत.

काठावरच्या चिखलात उन्हाळ्यात खाराचे पापुद्रे धरतात. ब्रिटिशांच्या काळातल्या नोंदींत त्यांची वेगवेगळी नावं आहेत : डल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की. साबण, काच, बांगड्या आणि कापडाचा रंग यांसाठी हा खार जात असे. त्या नावांमागे गुडघाभर चिखलात उभं राहून खार काढणारी माणसं होती. त्यांची नावं कुठल्या कागदावर राहिली नाहीत. मालाची राहिली.

तिसरं उत्तर साहेबांचं. १८२३ मध्ये जे. ई. अलेक्झांडर नावाचा ब्रिटिश अधिकारी इथं येऊन गेला आणि युरोपियनांच्या लेखनात लोणार शिरलं. दख्खनचा सगळा दगड लाव्हारसाचा, तेव्हा हा खड्डा ज्वालामुखीचं तोंड असणार, असा तर्क झाला. तर्क अगदीच रास्त होता. अमेरिकन भूवैज्ञानिक जी. के. गिल्बर्ट यांनी १८९६ मध्ये ॲरिझोनातल्या अशाच एका खड्ड्याचा विचार करताना लोणारकडे बोट दाखवलं आणि दोन्हींचा संबंध ज्वालामुखीशीच जोडला. पुढं दोन्ही खड्डे आकाशातून पडलेल्या दगडांचे ठरले!

ज्वालामुखीच्या तर्कात एक अडचण होती. दख्खनचा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिला. एवढ्या काळात पावसानं डोंगर झिजवले, मग हा काठ इतका धारदार कसा राहिला? शिवाय लाव्ह्याचे थर एरवी आडवे असतात, इथं काठाशी ते वर उचलले गेले आहेत, काही जागी उलथून पडले आहेत. काठ भोवतालच्या शेतांपेक्षा सुमारे २० मीटर उंच आहे. १९६० च्या दशकात उल्केचा विचार मांडला गेला. मग तळ्यात भोकं पाडून नमुने काढले गेले आणि १९७३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात अमेरिकन व भारतीय शास्त्रज्ञांनी मिळून पुरावा मांडला. दगडातल्या फेल्डस्पार खनिजाची वितळल्याशिवाय काच झालेली त्यांना सापडली. या काचेला मॅस्केलिनाइट म्हणतात. ती व्हायला जो धक्का लागतो, तो कुठलाही ज्वालामुखी देत नाही.

लोणार हे बेसाल्ट खडकातलं जगातलं एकमेव उल्काविवर, असं आपण अभिमानानं म्हणतो. ब्राझीलमध्येही बेसाल्टमधली अशी विवरं आढळली आहेत, ती फार झिजलेली आहेत एवढंच. लोणारचं मोठेपण त्याच्या टिकून राहण्यात आहे. चंद्रावरची काळी मैदानं बेसाल्टचीच, म्हणून तिथले खड्डे समजून घ्यायला शास्त्रज्ञ लोणारला येतात. वयाचंही तसंच. आधीच्या मापनांवरून ते सुमारे ५० हजार वर्षं मानलं जात होतं. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आरगॉन पद्धतीच्या मापनानं ते सुमारे पाच लाख ७० हजार वर्षांवर नेलं.

अशी ही उत्तरं. प्रत्येकानं आपल्या हाताशी जे होतं त्यावरून उत्तर काढलं. भाविकानं कथेवरून, कारभाऱ्यानं महसुलावरून, शास्त्रज्ञानं काचेच्या कणावरून. पण या सगळ्यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. या वाडग्यात पाणी येतं, बाहेर मात्र वाहून जात नाही. पाऊस येतो, झरे येतात, ऊन फक्त पाणी उचलतं आणि बाकी सगळं खाली ठेवतं. हजारो वर्षं असं चाललं म्हणून खार साठला. खार होता म्हणून कथा झाली, साबण झाला, महसूल झाला. जून २०२० मध्ये तळं गुलाबी झालं तेही याचमुळे. पाणी आटून खार वाढला, तेव्हा खारात वाढणारे सूक्ष्मजीव फोफावले आणि त्यांच्या रंगद्रव्यानं पाणी रंगलं, असं पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेला आढळलं.

जे बाहेर जात नाही त्यात वाईटही आलं. गावाचं सांडपाणी आणि वरच्या शेतांतली खतं इकडे उतरतात. यावर उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठासमोर वर्षानुवर्षं सुनावण्या झाल्या. २००० मध्ये अभयारण्य झालं, नोव्हेंबर २०२० मध्ये रामसर यादीत नाव आलं. सन्मान मिळाला, पण घाण बाहेर काढायला वाट अजूनही नाही आणि कधी असणारही नाही. नुसतं गोडं पाणी जास्त शिरलं तरी खार पातळ होतो आणि त्या खारावर जगणारी सृष्टी बदलते. नदी आपल्या चुका पुढच्या गावाकडे ढकलते. लोणारला पुढचं गाव नाही.

अबुल फजलच्या काळी वरची धार कोणत्या दिवशी तळ्यात उतरते, हे लोक लक्षात ठेवत होते, सोमवारची अमावस्या धरून. आत किती पाणी जातं आणि कोणतं जातं, याची काळजी त्यांच्या श्रद्धेत बसलेली होती. आपल्याकडे त्यासाठी आता यंत्रं आहेत. मोजायची सवय तेवढी त्यांच्याकडून घ्यायला हवी.