कवडशातला जंतू

१८७७ साली, दुष्काळाच्या दिवसांत, हेन्री वॅनडाइक कार्टर मुंबईतल्या तापाच्या रुग्णांचं रक्त सूक्ष्मदर्शकाखाली बघत होता. ‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’तली चित्रं काढणारा कार्टर तो हाच. त्याला स्प्रिंगसारखे वळवळणारे जंतू दिसले, उलटून येणाऱ्या तापाचे. तेही साध्या उजेडात.

आमच्या कोकणातल्या लेप्टोचा जंतू, उंदरांच्या मुतातून चिखलात येणारा, त्याच गोत्रातला. पण त्याची जाडी जेमतेम ०.१ मायक्रॉन. साध्या उजेडात तो विरून जातो.

त्याला दिसता करायची युक्ती रत्नागिरीतल्या कुठल्याही जुन्या कौलारू घरात सापडेल. कौलांत बसवलेल्या काचेतून माजघरात कवडसा पडतो आणि एरवी न दिसणारी धूळ चमकते. आपण सूर्याकडे बघत नसतो. धुळीवर आपटून आपल्याकडे वळलेला उजेड तेवढा बघतो. डार्कफील्डमध्ये हेच मुद्दाम घडवतात. नमुन्याखालच्या कंडेन्सरमध्ये मधोमध काळी चकती असते. मधला उजेड अडतो, कडेचा तिरका येतो आणि वरच्या भिंगाला चुकवून निघून जातो. म्हणून सगळं काळं. वाटेत जंतू असला तर तो थोडा उजेड भिंगाकडे वळवतो आणि काळोखात चांदीच्या तारेसारखा दिसतो. (मी पोटासाठी कोड लिहितो; अख्खा लॉग न वाचता फक्त बिघडलेल्या ओळी काढतो, तसंच हे.)

युक्ती एकोणिसाव्या शतकातली, पण डॉक्टरांनी ती मनावर घेतली १९०६ नंतर, लँडस्टायनर आणि मुखा यांनी व्हिएन्नात तिने सिफिलिसचा जंतू जिवंत दाखवल्यावर. पुढच्याच वर्षी स्टिमसनला एका मृत रुग्णाच्या मूत्रपिंडात, चांदीने रंगवलेल्या कापात, लेप्टोचा जंतू दिसला. टोकाशी वाकडा, प्रश्नचिन्हासारखा. म्हणून नाव ‘इंटरोगन्स’.

मग लावणीनंतर ताप आला की रक्ताचा थेंब काचेवर घेऊन का बघत नाहीत? कारण कवडशात धुळीसारखा कापसाचा तंतूही चमकतो. रक्तातले फायब्रिनचे धागे हुबेहूब जंतू वाटतात. शिवाय नजरेच्या एका टप्प्यात एक जंतू सापडायला मिलिलिटरमागे सुमारे दहा हजार लागतात.

गंमत म्हणजे लेप्टोची जी चाचणी प्रमाण मानतात, तीही डार्कफील्डखालीच वाचतात. प्रयोगशाळेत वाढवलेले जिवंत जंतू रुग्णाच्या रक्तद्रवात मिसळायचे आणि त्यांचे पुंजके होतात का ते बघायचं. झाले, तर शरीरात त्या जंतूविरुद्ध प्रतिपिंडं आहेत. पण ती तयार व्हायला आठवडाभर तरी जातो, आणि औषध त्याआधी सुरू व्हावं लागतं. म्हणून पावसाळ्यात डॉक्टर सूक्ष्मदर्शकाच्या आधी पायांकडे बघतात, आणि विचारतात: शेतात उतरला होतात का?