परवान्याविना वैद्यकी : पॅरिस, १३२२

इ.स. १३२२. पॅरिसच्या बिशपच्या न्यायालयात जाकोबा फेलिसी नावाची स्त्री आरोपी म्हणून उभी होती. फिर्यादी होती पॅरिस विद्यापीठाची वैद्यकशाखा. आरोप असा, की ती परवान्याविना रुग्णांची नाडी पाहते, मूत्रपरीक्षा करते, काढे देते.

गंमत अशी, की साक्षींमुळे तिचीच बाजू बळकट झाली. नामांकित वैद्यांनी हात टेकल्यावर जाकोबाच्या उपचारांनी आपण बरे झालो, असे रुग्ण एकामागून एक सांगत गेले. गुण येईपर्यंत ती पैसेही घेत नसे, असेही साक्षीत आले!

तिचे म्हणणे होते, की हा नियम अडाणी भोंदूंसाठी आहे, जाणत्यांसाठी नव्हे. शिवाय लज्जेपोटी स्त्रिया पुरुष वैद्याला गुप्त व्याधी दाखवत नाहीत आणि प्रसंगी प्राणास मुकतात.

तिच्या विद्येची परीक्षा मात्र कोणीच घेतली नाही. विद्यापीठात स्त्रियांना प्रवेशच नव्हता. म्हणजे परवान्याची वाट आधीपासूनच बंद. उलट विरोधी तर्क असा मांडला गेला, की स्त्रीला वकिलीदेखील करता येत नाही, कारण अज्ञानाने ती खटला हरेल. मग जिथे चुकीने जीव जातो, ते वैद्यक तिच्या हाती कसे सोपवावे?

न्यायालयाने तिला वैद्यकीची मनाई केली. शिक्षेचे कलम होते धर्मबहिष्कार आणि ६० पॅरिसी लिव्र दंड.