सज्ञानतेची रेषा : अमेरिकेतील नोकरीआधारित कायम वास्तव्य आणि सातारा-सांगलीच्या स्थलांतराची दुसरी पिढी

प्रास्ताविक

सातारा आणि सांगली हे आज दोन स्वतंत्र जिल्हे असले तरी त्यांचा स्थलांतराचा इतिहास बव्हंशी एकच आहे. १९४९ साली जुन्या सातारा जिल्ह्याचे विभाजन होऊन दक्षिण सातारा जिल्हा अस्तित्वात आला आणि १९६० साली त्यास सांगली हे नाव प्राप्त झाले. या भूभागातील माणूस पोटासाठी बाहेर पडला तो प्रथम मुंबईच्या गिरणीत, पलटणीत आणि खानापूर-आटपाडीकडील गलाई कारागीर असेल तर देशभरातील सराफ बाजारांत. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत यात अमेरिकेकडे जाणाऱ्या अभियंत्यांची भर पडली. या नव्या स्थलांतरात मुलाचे सज्ञान होणे ही घटना कुटुंबाला कोणत्या पेचात टाकते, याचा ऐतिहासिक अंगाने विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

जुन्या स्थलांतरातील मुलगा

गिरणगावात गेलेला सातारकर बहुधा एकटा जात असे. बायको-मुले गावी, शेत भावाकडे आणि स्वतः गाळ्यात वा खानावळीत, अशी ती व्यवस्था होती. मुलगा मिसरूड फुटण्याच्या वयाचा झाला की वडील, चुलता किंवा गावचा जॉबर यांच्या ओळखीने त्याला बदली कामगार म्हणून खात्यात लावून घेतले जाई. मुलाचे वयात येणे म्हणजे बापाच्या जागेवरील त्याच्या हक्काची सुरुवात होय, असे गृहीतच होते. १९८२ च्या संपानंतर गिरणगाव विस्कटले, तरी वारस ही कल्पना टिकून राहिली. पुढे गिरणी कामगारांच्या घरांच्या योजनेतही कामगाराच्या वारसांचा हक्क मान्य करण्यात आला. गलाई व्यवसायातही पुतण्या किंवा भाचा परप्रांतीच्या दुकानात जाऊन काम शिकतो. देशांतर्गत स्थलांतरास परवाना लागत नसल्याने तेथे वयाचा हिशोब कोणी विचारीत नाही.

अभियंत्यांचे बहिर्गमन

सांगलीचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय १९४७ चे, तर कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० चे. तथापि या शिक्षणाचा खरा विस्तार १९८३ नंतर झाला. त्या वर्षी सांगलीचेच वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली. ऊस बागायतदार, शिक्षक व सहकारी संस्थांतील नोकरदार यांची मुले आपल्याच तालुक्यात अभियंता होऊ लागली. शतकाच्या अखेरीस संगणक क्षेत्राची मागणी वाढली तेव्हा हा वर्ग पुण्यामार्गे अमेरिकेस पोहोचला. वसंतदादांच्या त्या निर्णयाची चर्चा शिक्षणाच्या व्यापारीकरणापुरतीच होत राहिली. त्याने जिल्ह्याच्या स्थलांतराचा नकाशा बदलला, याकडे फारसे लक्ष गेले नाही.

कायद्याची घडण

अमेरिकेच्या १९६५ च्या कायद्याने राष्ट्रवार कोटा रद्द केला आणि आशियाई कुशल मनुष्यबळास दार उघडले. १९९० च्या कायद्याने नोकरीआधारित कायम वास्तव्यासाठी वर्षाला सुमारे १,४०,००० जागा ठरविल्या व एच-१बी हा तात्पुरत्या नोकरीचा परवाना आजच्या रूपात आणला. मात्र कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना सात टक्क्यांहून अधिक वाटा मिळू नये, ही मर्यादा कायम राहिली. नोकरीआधारित जागांपुरता हिशोब केल्यास हा वाटा ९,८०० इतका येतो आणि त्यात अर्जदाराची पत्नी किंवा पती व मुले यांचीही गणना होते. इतर देशांच्या न वापरलेल्या जागा काही वेळा मिळतात, एवढाच दिलासा. भारताची लोकसंख्या आणि आइसलँडची लोकसंख्या येथे एकाच मापाने मोजली जाते.

एच-१बी परवान्याची मुदत सहा वर्षांची. कायम वास्तव्य न मिळाल्यास सहा वर्षांनी परतावे, असा मूळ नियम होता. २००० साली त्यात बदल होऊन, कायम वास्तव्याची प्रक्रिया सुरू झालेल्यांना सहा वर्षांनंतरही परवाना वाढवून मिळू लागला. ही सवलत म्हणून दिली गेली आणि ती सवलत होतीही. परंतु तिच्यामुळेच रांगेत राहूनच संसार करणे शक्य झाले. घर घेतले गेले, मुले शाळेत गेली आणि रांग तशीच राहिली. २०२५ च्या अखेरीस भारतात जन्मलेल्यांची दुसऱ्या व तिसऱ्या या दोन्ही वर्गांतील रांग २०१३ सालच्या अर्जांपाशी होती. २०१३ साली तिसरी-चौथीत असलेले मूल त्या सुमारास एकवीस वर्षांचे झालेले असते.

एकवीस वर्षांचा हिशोब

भारतात १८७५ च्या कायद्यानुसार व्यक्ती अठराव्या वर्षी सज्ञान होते. अमेरिकेच्या स्थलांतर कायद्यात 'मूल' म्हणजे एकवीस वर्षांखालील अविवाहित व्यक्ती. एकविसावे वर्ष पूर्ण झाले की आईवडिलांच्या अर्जातून ते मूल गळते. ऑगस्ट २००२ मध्ये यावर उपाय म्हणून बालदर्जा संरक्षणाचा कायदा संमत झाला. त्याचे सूत्र थोडक्यात असे : कायम वास्तव्याचा क्रमांक उपलब्ध होईल त्या दिवशीचे मुलाचे वय घ्यावे आणि मालकाने दाखल केलेली मूळ याचिका कार्यालयात जितके दिवस प्रलंबित होती तितके दिवस त्यातून वजा करावेत. उरलेले वय एकवीसच्या आत असेल आणि वर्षभरात पुढील अर्जाची कार्यवाही झाली तर ते मूल 'मूल' राहते.

उदाहरणादाखल, क्रमांक आला तेव्हा मुलीचे वय एकवीस वर्षे सहा महिने आहे आणि याचिका आठ महिने प्रलंबित होती असे मानू. तिचे कायदेशीर वय वीस वर्षे दहा महिने भरते व ती वाचते. परंतु कंपनीने जादा शुल्क भरून ती याचिका पंधरा दिवसांत मंजूर करून घेतली असेल, तर पंधराच दिवस वजा होतात आणि तीच मुलगी बाहेर पडते. घाई केल्याची शिक्षा मुलीला, असा हा विपरीत न्याय आहे. त्याचे मूळ सूत्रातच आहे. कायद्याने कार्यालयाची दिरंगाई मोजली, रांगेची मोजली नाही. भारतीय कुटुंबांची वर्षे मात्र रांगेतच जातात.

जुलै २००७ मध्ये ही रांग क्षणभर नाहीशी झाली होती. बहुतेक सर्व नोकरीआधारित वर्ग खुले झाल्याचे जाहीर झाले, २ जुलैस ते मागे घेण्यात आले आणि त्याच महिन्याच्या मध्यास पुन्हा मान्य झाले. मधल्या काळात भारतीय अर्जदारांनी स्थलांतर सेवेच्या संचालकांना शेकडो पुष्पगुच्छ पाठविले. आदल्या वर्षीच्या 'लगे रहो मुन्नाभाई' चित्रपटातील गांधीगिरीचे ते अनुकरण होते. ज्यांच्या मुलांचे अर्ज त्या उन्हाळ्यात दाखल झाले, त्यांचे वय तेथेच गोठले. नंतर आलेल्यांना तशी संधी मिळाली नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये अर्ज दाखल करण्याची तारीख बरीच पुढे सरकली, पण वय मोजण्यासाठी ती तारीख तेव्हा ग्राह्य नव्हती. फेब्रुवारी २०२३ मध्ये ती ग्राह्य धरण्यात आली आणि १५ ऑगस्ट २०२५ पासूनच्या अर्जांसाठी पुन्हा अग्राह्य ठरली. मूळ कायद्यातील एकही शब्द न बदलता, केवळ धोरणपत्रिकेने मुलांचे वय मागेपुढे होत राहिले.

इतर देशांनी वेगळे मार्ग काढले आहेत. कॅनडात अवलंबित मुलाची मर्यादा २०१७ पासून बावीस वर्षांखालील आहे आणि कायम वास्तव्याचा परिपूर्ण अर्ज पोहोचल्याच्या दिवशी वय निश्चित होते. प्रक्रियेच्या विलंबाचा भार तेथे मुलावर पडत नाही.

परतीची वाट

वय उलटलेल्या मुलापुढे विद्यार्थी परवाना, पुढे स्वतःच्या एच-१बीसाठी सोडत किंवा परतणे हे मार्ग उरतात. विद्यार्थी परवान्यासाठी शिक्षण संपल्यावर मायदेशी परतण्याचा इरादा दाखवावा लागतो. ज्याचे बालपणच तेथे गेले त्याने हा इरादा कोणत्या तोंडाने सांगावा? २०१२ मध्ये बालपणी आणलेल्या स्थलांतरितांना जे संरक्षण मिळाले, ते बेकायदा वास्तव्य असलेल्यांपुरते होते. कायदेशीर मार्गाने आलेली मुले नेमकी त्यातून वगळली गेली. त्यांच्यासाठी २०२१ पासून अमेरिकी संसदेत मांडलेली विधेयके संमत झालेली नाहीत.

इकडे महाराष्ट्रातही अधिवास प्रमाणपत्रासाठी सर्वसाधारणपणे पंधरा वर्षांच्या वास्तव्याची अट आहे. तिसऱ्या वर्षी मिरजेहून गेलेला मुलगा एकविसाव्या वर्षी परतला, तर पारपत्राने तो भारतीय असतो, पण ही अट त्याला स्वतःच्या वास्तव्यावर पुरी करता येत नाही. मराठी तो बोलतो, वाचतो असे नाही.

याला आपल्याकडील एका रूढीचीही जोड आहे. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची पद्धत सातारा-सांगलीत आजही पाळली जाते. त्यामुळे, किंवा स्थलांतरापूर्वीच जन्म झाल्यामुळे, थोरले अपत्य कराड, विटा वा इस्लामपूरच्या दवाखान्यात जन्मलेले आणि धाकटे अमेरिकेत जन्मलेले, म्हणजे जन्मतः अमेरिकी नागरिक, अशी घरे आढळतात. एकविसाव्या वर्षी थोरले आईवडिलांच्या अर्जातून बाहेर पडते. धाकट्याला त्याच वयात आईवडिलांसाठी अर्ज करण्याचा हक्क मिळतो आणि आईवडिलांच्या त्या वर्गाला वार्षिक मर्यादा नाही. थोरल्या भावंडासाठीही त्याला अर्ज करता येतो, परंतु भावंडांचा वर्ग निराळा आहे आणि त्याची रांग पुन्हा जन्मदेशाप्रमाणेच लागते.