शंभर पौंडांचा खडा आणि माझा याशिका

आजीच्या ऐंशीचे फोटो फिल्मवरच काढायचे, तेही याशिका इलेक्ट्रो ३५ वर, असं मी ठरवलं. बाबांकडे तोच होता, पण त्यांनी तो कधीच विकून टाकलेला. मग ऑनलाइन शोधून तसाच एक घेतला, नऊ हजारांना. वर्णनात लिहिलं होतं, 'फुल्ली वर्किंग, फिल्म टेस्टेड'. दोन रोल काढले. धुवून आले तर घरातले सगळे फोटो जवळजवळ कोरे! हे मॉडेल १९६६ चं, शटर इलेक्ट्रॉनिक. ते बिघडलं की पठ्ठ्या मुकाट्याने प्रत्येक फोटो १/५०० सेकंदालाच काढतो. 'क्लिक' मात्र होतंच, त्यामुळे कळायला काही मार्ग नाही.

विक्रेत्याचं उत्तर: "सर, विंटेज आयटम आहे, बघून घ्यायला हवा होता." आता कुरिअरने येणारी वस्तू बघून कशी घेणार, कप्पाळ!

पण हा युक्तिवाद फार जुना आहे. १६०३ सालचा इंग्लंडमधला खटला बघा, चँडेलर विरुद्ध लोपस. एका सोनाराने 'बेझोर' म्हणून एक खडा शंभर पौंडांना विकला. बेझोर म्हणजे बकरीच्या पोटात तयार होणारा खडा, तेव्हा विषावर उतारा समजला जायचा. खडा निघाला भलताच. कोर्ट म्हणालं, सोनार 'बेझोर आहे' एवढंच म्हणाला, हमी कुठे दिली होती? गिऱ्हाईक हात हलवत परत. त्या मानाने रोमन लोक पुढारलेले. त्यांच्या बाजारात जनावरं आणि गुलाम विकणाऱ्याला दोष आधी सांगावे लागत, नाहीतर सहा महिन्यांत सौदा रद्द करता येई. (माणूस जनावरांच्याच यादीत, हे वाचून कसंतरीच होतं.)

हे चित्र पालटलं ते इंग्लंडच्या १८९३ च्या कायद्यात. त्याच्याच धर्तीवर आपला १९३० चा माल विक्री कायदा आला, जो आजही लागू आहे. कलम १५ म्हणतं, वर्णनावरून विकलेला माल वर्णनाबरहुकूम हवा. म्हणजे सोनाराचं 'नुसतं म्हणणं' आता कराराची अट झालं. कलम १६ म्हणतं, त्या मालाचाच व्यापार करणाऱ्याकडून वर्णनावरून घेतलेली वस्तू विक्रीयोग्य दर्जाची हवी. खरेदीदाराने तपासली असेल, तर तपासणीत दिसायला हवा होता असा दोष मात्र त्याच्या माथी. लेन्समधली बुरशी टॉर्च मारला की दिसते. माझं शटर हातात घेऊनही कळलं नसतं.

एखाद्या काकांनी माळा आवरताना कॅमेरा विकला असता, तर कलम १६ कामाचं नव्हतं, फक्त १५ उरलं असतं. जाहिरातीत 'आहे तसा, चालण्याची हमी नाही' असं स्पष्ट लिहिलेलं असतं, तर माझी बाजू आणखी लंगडी. पण या गृहस्थांच्या पानावर तीसेक कॅमेरे होते. धंदाच तो.

मी दोन्ही कलमं टाकून मेल केली. वर हेही लिहिलं की २०१९ च्या ग्राहक कायद्यानुसार मी राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंत फी शून्य. चौथ्या दिवशी पैसे आले, कुरिअरचे कापून.

रोल गेले ते गेलेच. आजीला सांगितलं तर म्हणाली, "मेल्या, खिशात मोबाईल होता ना?"