चेनरिंगचे दाते आणि कष्टांचा मान



रोड बाइक घ्यायची म्हटली की एक निर्णय करावाच लागतो. पुढची चेनरिंग कोणती? 53/39, 52/36 की 50/34? पायडलच्या दांड्याला जोडलेली दोन दातेरी चक्रे असतात, एक मोठे आणि एक लहान. त्यांच्या दात्यांचे हे आकडे. प्रश्न अंकगणिताचा दिसतो. पण सव्वाशे वर्षांत लोकांनी त्याला नीतीचा प्रश्न करून टाकले, आणि म्हणून तत्त्वज्ञानाच्या मास्तराला त्यात बोलायला जागा मिळाली.

आधी अंकगणित उरकू. पुढचे दाते भागिले मागचे दाते, गुणिले चाकाचा परीघ. हा परीघ साधारण 2.1 मीटर धरा. पुढे 50 आणि मागे 11 दाते असतील, तर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल साडेनऊ मीटर जाते. पुढे 34 आणि मागेही 34 असतील, तर फक्त 2.1 मीटर. पहिला हिशेब सपाटीचा, दुसरा घाटाचा. जुन्या उंच चाकाच्या सायकलीला साखळीच नव्हती. चाक जितके मोठे तितके एका फेऱ्यात अंतर जास्त, आणि चाक किती मोठे घ्यायचे हे तुमच्या पायांची लांबी ठरवायची. 1885 च्या सुमारास मागच्या चाकाला साखळी जोडलेली 'रोव्हर' सायकल आली आणि माणूस त्या बंधनातून सुटला. आता दाते निवडता येऊ लागले. निवड आली की वाद आलाच.

या वादात फ्रान्समधली दोन माणसे समोरासमोर उभी आहेत. एक पॉल द व्हिव्ही. सेंतेतिएन गावचा, मूळचा रेशमाच्या धंद्यातला. 'व्हेलोसियो' या नावाने तो लिहायचा आणि सायकलीवरचे मासिक चालवायचा. गावाबाहेर पडले की चढ लागतो, म्हणून त्याने पुढे दोन चेनरिंग लावून पाहिल्या. चढ आला की उतरायचे, साखळी हाताने उचलून लहान चक्रावर घालायची. ओबडधोबड उपाय, पण विचार पक्का होता: पाय तेच, रस्ता बदलतो, तर मधले यंत्र का बदलू नये? केवळ फुशारकीसाठी पायडल मारू नये, असेही तो वाचकांना बजावत असे.

दुसरा आंरी देग्रांज. 'लोतो' या वृत्तपत्राचा संपादक, 1903 साली तूर द फ्रान्स सुरू करणारा. स्वतः शर्यतपटू, 1893 साली त्याने एका तासात 35 किलोमीटरहून अधिक अंतर तोडले होते. त्याचे मत असे, की बदलते गिअर पंचेचाळिशी उलटलेल्यांसाठी ठीक. खऱ्या स्पर्धकाने स्नायूंच्या बळावर जिंकावे.

देग्रांजला आपण खलनायक करू नये. शर्यत माणसांची असावी, कारखान्यांची नसावी, हे त्याचे म्हणणे रास्त होते. 1930 साली त्याने कंपन्यांचे संघ बाजूला सारून राष्ट्रांचे संघ आणले आणि स्पर्धकांना निनावी सायकली दिल्या. त्यामागे हाच आग्रह होता. शिवाय सुरुवातीचे डिरेलर, म्हणजे साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारे यंत्र, नाजूक असायचे.

पण तत्त्वाची किंमत कोण मोजतो हेही बघा. 1910 साली शर्यत पिरेनीज पर्वतात गेली. तूरमाले खिंड 2115 मीटर उंच, रस्ते कच्चे. त्या वर्षीचा विजेता ऑक्ताव्ह लापीझ आयोजकांना खुनी म्हणाला, हे प्रसिद्धच आहे. पुढेही अनेक वर्षे स्पर्धकांची पद्धत अशी होती: मागच्या चाकाच्या दोन बाजूंना दोन वेगळी चक्रे. घाट लागला की थांबा, नट सोडा, चाक उलटे करून पुन्हा बसवा. कुठे थांबायचे, यावर शर्यती जिंकल्या-हरल्या जात. 1927 साली इटलीतल्या क्रोचे दाउने खिंडीत तुल्लिओ काम्पान्योलोच्या गारठलेल्या बोटांना नट सुटेना, आणि त्यातून झटक्यात चाक सोडवणाऱ्या खिट्टीची कल्पना निघाली, अशी कथा सांगतात.

देग्रांज आजारी पडला, सूत्रे झाक गोदेकडे गेली, आणि 1937 साली तूरमध्ये डिरेलरला मुभा मिळाली. रोझे लापेबी जिंकला. शर्यत मवाळ झाली का? मुळीच नाही. घाट तेवढेच उंच राहिले. दमायचे ते सगळे दमलेच.

नियम गेला, पण मान उरला. तो लोखंडात, पुढे ॲल्युमिनियममध्ये उतरला. चेनरिंग तेव्हा पाच बोल्टांनी बसायची. सत्तरच्या दशकातल्या नामांकित क्रँकवर बोल्टांचे वर्तुळ 144 मिलिमीटरचे होते. त्यावर 41 दात्यांहून लहान चेनरिंग बसतच नसे. पुढे 130 चे वर्तुळ आले, 39 रूढ झाले. म्हणजे पन्नाशीचा हौशी माणूसही विशीतल्या शर्यतपटूच्या मापाचे जोडे घालत होता. 110 चे वर्तुळ आणि 50/34 ची जोडी रोड बाइकवर सर्रास दिसू लागली ती या शतकात. आणि तरीही काहींना ती घेताना संकोच वाटतो, कमीपणा वाटतो.

इथे ॲरिस्टॉटल उपयोगी पडतो. सुवर्णमध्य समजावताना तो मायलो या मल्लाचे उदाहरण देतो. जो आहार मायलोला अपुरा, तोच नवशिक्याला जास्त. मध्य हा वस्तूचा नसतो, आपल्या संदर्भातला असतो. चेनरिंगचेही तसेच. ताशी 8 किलोमीटरने घाट चढताना 39 आणि 25 दात्यांवर पाय मिनिटाला जेमतेम चाळीस फेरे मारतात. प्रत्येक फेऱ्याला गुडघ्यावर भार. 34 आणि 34 वर त्याच वेगाला साठाच्या वर फेरे होतात. चढायची उंची तीच, वेग तोच, काम तेच. फरक एवढाच, की ते काम लहान घासांनी होते.

कष्टाला मान द्यावा, पण कष्ट वाढवल्याने गुण वाढतो असे मानू नये. देग्रांजची गफलत तिथे झाली. तेव्हा दाते निवडताना दोनच गोष्टी विचारा: माझा सर्वांत कठीण चढ कोणता, आणि त्यावर बसून, सलग, बोलता येईल इतक्या श्वासात मी पाय फिरवू शकतो का? उत्तर 34 आले तर 34 घ्या. दुकानात शेजारी कोण उभे आहे, हे त्या हिशेबात येत नाही.