आतपसेवन

आतपसेवन : आरोग्य राखण्यासाठी किंवा रोग हटविण्यासाठी सूर्यप्रकाश व मोकळी हवा यांचा शरीरास नियमाने व बेताने लाभ करून देणे, यास आतपसेवन म्हणतात. ‘आतप’ या संस्कृत शब्दाचा अर्थ ऊन एवढाच आहे. तथापि घराबाहेर पडणाऱ्या मनुष्याच्या वाट्यास केवळ ऊन येत नाही, तर वारा, हिरवाई, दूरवर पोचणारी नजर आणि पायांची हालचाल हीही येतात, व या साऱ्यांचे परिणाम एकमेकांपासून सर्वस्वी वेगळे काढता येत नाहीत. म्हणून प्रस्तुत नोंदीत या संज्ञेचा व्यापक अर्थ घेतला आहे. औषधाप्रमाणे उन्हालाही मात्रा असते, आणि ती अजिबात न घेणे जितके अहितकारक, तितकेच ती अविवेकाने घेणेही अहितकारक होय, हे या विषयाचे मुख्य सूत्र आहे.

पूर्वपीठिका : चरकसंहितेत लंघनाचे, म्हणजे शरीर हलके करण्याच्या उपायांचे, जे दहा प्रकार सांगितले आहेत, त्यांत मारुत व आतप, म्हणजे वारा व ऊन, यांची गणना आहे, अग्नीवाचून घाम आणणाऱ्या उपायांतही आतपाला स्थान आहे. श्वित्रावर, म्हणजे कोडावर, बावचीचे बी योजून रोग्यास उन्हात बसविण्याचा उपचार आयुर्वेदास फार पूर्वीपासून परिचित होता. सातव्या शतकात हर्षवर्धनाच्या दरबारी असलेल्या मयूर कवीने ‘सूर्यशतक’ रचून कुष्ठातून मुक्तता मिळविली, ही आख्यायिका इतिहास म्हणून नव्हे, तर सूर्य आणि कातडीचे आरोग्य यांचा संबंध लोकमानसात किती खोलवर रुजला होता याचा दाखला म्हणून महत्त्वाची आहे.

अर्वाचीन काळी या श्रद्धेस प्रयोगाचा आधार मिळाला तो युरोपात. १८७७ साली डाउन्स व ब्लंट या इंग्रज संशोधकांनी पोषक द्रवाने भरलेल्या काही नळ्या उन्हात उघड्या ठेवल्या व काहींना शिशाचा पत्रा गुंडाळला; झाकलेल्या नळ्यांतील द्रव जंतूंच्या वाढीने गढूळ झाला आणि उघड्या नळ्यांतील स्वच्छ राहिला. पुढे फेरो बेटांत जन्मलेल्या नील्स फिन्सेन (१८६०–१९०४) या वैद्याने, जो स्वतः दीर्घकाळ व्याधिग्रस्त होता, प्रकाशाच्या औषधी गुणांचा ध्यास घेतला. छपरावर पहुडलेली मांजर सावली अंगावर आली की पुन्हा उन्हात सरकते, हे पाहून त्याच्या मनात हा विचार प्रथम आला, असे सांगतात. १८९६ मध्ये त्याने कोपनहेगन येथे प्रकाशोपचाराची संस्था स्थापन केली आणि चेहरा विद्रूप करून टाकणाऱ्या त्वचेच्या क्षयावर भिंगांनी एकवटलेल्या प्रकाशाचा प्रयोग यशस्वी केला; त्याबद्दल १९०३ सालचे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक त्यास मिळाले.

त्याच वर्षी ओग्यूस्त रोलिए (१८७४–१९५४) याने स्वित्झर्लंडमधील लेझाँ या डोंगरगावी हाडांच्या व सांध्यांच्या क्षयावर सूर्योपचार सुरू केला. त्याची शिस्त करडी होती. रोग्यास प्रथम काही दिवस केवळ मोकळ्या हवेची सवय करावयाची. नंतर डोक्यावर पांढरी टोपी घालून पहिल्या दिवशी फक्त पावले, तीही एका वेळी पाचच मिनिटे, उन्हात धरावयाची. दुसऱ्या दिवशी पावलांना दहा मिनिटे व नडग्यांना पाच. आणि याच क्रमाने मांड्या, पोट व छाती यांपर्यंत पोचावयाचे. घाई करून कातडी भाजू देणे हा त्याच्या लेखी उपचार नव्हे, तर उपचारातील चूक होती. आतपसेवनाचे सर्व शहाणपण या पाच मिनिटांत सामावलेले आहे.

नाशिकचा दाखला : मुडदूस या बालरोगात हाडे मऊ पडून पाय धनुष्याप्रमाणे वाकतात. धुराने काळवंडलेल्या युरोपीय शहरांत तो इतका माजला होता, की त्यास ‘इंग्रजी रोग’ असे नाव पडले. १९१९ मध्ये बर्लिनच्या कुर्ट हुल्डशिन्स्कीने पाऱ्याच्या क्वार्ट्झ दिव्याखाली ठेवून अशी मुले बरी केली. त्यानंतर लगेच, १९२२ साली, हचिसन व शाह यांचा मुंबई इलाख्यातील नाशिक येथील पाहणीवर आधारलेला निबंध प्रसिद्ध झाला. खाण्यापिण्याची ददात नसलेल्या, परंतु पडद्याची चाल कसोशीने पाळणाऱ्या घरांतील मुलांमध्ये व वयात येणाऱ्या मुलींमध्ये हा रोग आढळला; उलट निकस अन्नावर राहणाऱ्या, पण दिवसभर उघड्यावर वावरणाऱ्या गरिबांच्या मुलांत तो जवळजवळ नव्हता. काश्मीरात डॉ. कॅथलीन व्हॉन यांनाही असेच दिसले : पडद्यातील स्त्रियांची कंबरेची हाडे मऊ पडून प्रसूती जिवावर बेतत असे, तर नावांवर राहणाऱ्या कष्टकरी स्त्रिया सुखरूप बाळंत होत. ज्या प्रतिष्ठेने स्त्रीला उन्हापासून वंचित केले तिची किंमत त्या स्त्रीच्या हाडांनी मोजली, हा या पाहण्यांचा निष्कर्ष आजही मनास चटका लावतो.

शरीरांतर्गत क्रिया : सूर्यप्रकाशातील जंबुपार किरणांपैकी २८० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीचे ‘ब’ किरण बाह्यत्वचेत शिरले, की तेथील एका कोलेस्टेरॉलसदृश द्रव्याचे रूपांतर होऊन ड जीवनसत्त्व तयार होते, ते यकृतात व पुढे मूत्रपिंडात संस्कारित होऊन आतड्यातून कॅल्शियम शोषून घेण्याच्या कामी येते. ऊन जास्त झाल्यास त्वचाच या जीवनसत्त्वाच्या पूर्वरूपाचा जादा अंश निरुपयोगी द्रव्यांत विघटित करते. त्यामुळे उन्हाने या जीवनसत्त्वाचा अतिरेक होत नाही. मात्र ठरावीक मर्यादेपलीकडे उन्हात बसण्याने हाडांना अधिक काही मिळत नाही, कातडी तेवढी होरपळते. खिडकीची काच हे ‘ब’ किरण अडवते. म्हणून काचेआडून अंगावर घेतलेल्या उन्हाची ऊब लाभली, तरी जीवनसत्त्व लाभत नाही.

हे किरण पुरेसे पोचतात की नाही, हे ओळखण्यास उपकरण लागत नाही. उघड्या जागी ताठ उभे राहून आपली सावली पाहावी : ती आपल्या उंचीहून आखूड असेल तर किरण पुरेसे आहेत, लांब असेल तर तुटपुंजे आहेत. पुण्याच्या अक्षांशावर मे महिन्यात सकाळी साडेनवाच्या सुमारासच सावली उंचीहून आखूड होऊ लागते. डिसेंबरात मात्र साधारण साडेअकरा ते दीड एवढाच अवधी मिळतो. लंडनमध्ये डिसेंबरच्या भर दुपारीही सावली उंचीच्या तिपटीहून लांब असते. मुडदूस तेथे का माजला, याचे एक मोठे कारण या सावलीत आहे.

कोवळे ऊन : पायांवर तान्हे मूल पालथे घेऊन आजी अंगणात बसली आहे, थिजलेल्या खोबरेलाची वाटी वितळण्यासाठी शेजारीच उन्हात ठेवली आहे, हे दृश्य मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या दिसत आले. या मर्दनाने मुलास ऊब मिळते, झोप चांगली लागते आणि मायेचा स्पर्श लाभतो, यात शंका नाही. परंतु सकाळच्या कोवळ्या उन्हात ‘ब’ किरण फारच थोडे असल्याने हाडांच्या पोषणाचा भार त्यावर टाकता येत नाही. म्हणूनच पहिल्या वर्षी बालकास रोज ४०० आंतरराष्ट्रीय एकके ड जीवनसत्त्व थेंबांच्या रूपाने द्यावे, अशी भारतीय बालरोगतज्ज्ञांची शिफारस आहे. नवजाताच्या काविळीवरील निळ्या प्रकाशाचा उपचारही उन्हातूनच उगवला : १९५६ मध्ये एसेक्समधील रॉशफर्डच्या रुग्णालयात सिस्टर जीन वॉर्ड यांनी अंगणातून आत आणलेल्या एका अर्भकाचे अंग फिके झालेले, पण चादरीखाली झाकलेली पट्टी तशीच पिवळी राहिलेली पाहिली. आज हा उपचार रुग्णालयात मोजून केला जातो, व घरच्या उन्हाने त्याची जागा घेऊ नये.

त्वचारोग : १९४८ मध्ये इजिप्तमध्ये अब्देल मोनेम एल मोफ्टी यांनी कोडावर एका स्थानिक वनस्पतीतील प्रकाशग्राही द्रव्य व ऊन यांचा एकत्र उपयोग केला; बावचीतही त्याच जातीचे सोरालेन द्रव्य आहे. सोरायसिस, कोड व काही प्रकारचा इसब यांवर आज ३११ नॅनोमीटरच्या अरुंद पट्ट्याचे किरण दिले जातात. ते त्वचेतील अनावर झालेला दाह शमवितात. हे उपचार तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच घ्यावयाचे असतात, कारण बावची लावून आपल्या मनाने उन्हात बसणाऱ्याच्या अंगावर फोड उठतात.

डोळे, निद्रा व मन : ढगाळ दिवशीही बाहेरचा उजेड दिवाणखान्यातील दिव्यांच्या कित्येक पट असतो. हा उजेड डोळ्यांतील विशिष्ट पेशींमार्फत मेंदूतील कालनियामक केंद्रास पोचतो व त्यावर निद्रा-जागृतीचे चक्र बेतलेले असते. सकाळी बाहेर फिरणाऱ्यास रात्री वेळेवर झोप येते, ती यामुळे. चीनमधील ग्वांगचौ येथे शाळकरी मुलांस रोज ४० मिनिटे अधिक बाहेर नेले असता तीन वर्षांत निकटदृष्टितेचे नवे प्रमाण ३९.५ टक्क्यांऐवजी ३०.४ टक्के राहिले, असे २०१५ साली प्रसिद्ध झाले. अमेरिकेत रॉजर उलरिक यांनी १९८४ मध्ये दाखविले, की पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती ते रुग्ण, विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले व त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. इंग्लंडमधील सुमारे २०,००० लोकांच्या माहितीवरून २०१९ साली असे आढळले, की आठवड्यातून एकूण १२० मिनिटे किंवा अधिक वेळ निसर्गात घालविणारे लोक आपले आरोग्य व समाधान चांगले असल्याचे अधिक प्रमाणात सांगतात. जो अधिक निरोगी तोच अधिक बाहेर पडतो, हेही अर्थात ध्यानी घेतले पाहिजे.

महाराष्ट्रातील परंपरा : पाचगणीच्या कोरड्या व निर्मळ हवेचा लाभ क्षयरोग्यांस मिळावा म्हणून डॉ. रुस्तुमजी बिलिमोरिया यांनी १९१२ मध्ये तेथे आरोग्यधाम काढले. मिरजेजवळ वानलेसवाडीसही असेच आरोग्यधाम उभे राहिले. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) यांनी आपल्या संस्थानातील शाळांत सूर्यनमस्कारांचा प्रसार केला. १९४६ मध्ये महात्मा गांधींच्या प्रेरणेने उरुळी कांचन येथे निसर्गोपचार आश्रम सुरू झाला. क्षयावर गुणकारी औषधे निघाल्यावर मात्र चित्र पालटले : ती औषधे घरी घेणारे रोगीही आरोग्यधामातील रोग्यांइतकेच बरे होतात, हे १९५९ मध्ये मद्रास येथील पाहणीने सिद्ध केले. ऊन हे क्षयावरील औषधाचा पर्याय नव्हे, हा त्याचा अर्थ. ऊन निरुपयोगी आहे, असा नव्हे.

धोके व मर्यादा : जंबुपार किरण कर्ककारक आहेत. खोलवर जाणारे ‘अ’ किरण त्वचेची लवचिकता नष्ट करून अकाली सुरकुत्या आणतात, वांग वाढवितात. जंबुपार किरण डोळ्यांत मोतीबिंदूसही साहाय्य करतात. सावळ्या वर्णास त्यातील मेलॅनिनचे संरक्षण असते. पण ते अभेद्य कवच नव्हे, आणि त्याच संरक्षणामुळे ड जीवनसत्त्वासाठी सावळ्या त्वचेस अधिक वेळ लागतो. विदर्भात उन्हाळी पारा ४५ अंशांपर्यंत चढतो तेव्हा दुपारचे ऊन सेवनीय नसून जीवघेणे असते. शेतमजूर, गवंडी व रस्त्यावर पोट भरणारे यांना उन्हाची नव्हे, सावलीची व पाण्याची तजवीज हवी. काही रोगांत व काही औषधे चालू असता थोडेही ऊन बाधते. अशांनी वैद्याचा सल्ला घेतल्याशिवाय उन्हात बसू नये.

मात्रा : निरोगी प्रौढाने चेहरा, हात व पाय उघडे ठेवून आठवड्यातून काही दिवस पंधरा ते तीस मिनिटे ऊन घ्यावे, उन्हाळ्यात सावली नुकतीच आखूड होऊ लागते त्या वेळी, हिवाळ्यात माध्यान्हीच्या आसपास. कातडी लाल होण्यापूर्वी उठावे. त्याहून अधिक वेळ बाहेर राहावयाचे झाल्यास झाडाची सावली, छत्री, टोपी किंवा पूर्ण बाह्यांचे कपडे वापरावेत. उजेड, वारा व चालणे यांचा लाभ सावलीतही पुरेपूर मिळतो.

नाशिकच्या वाड्यांतील पडदा आता बहुतांशी गेला; पण उंच इमारतींतील बंद सदनिका, काचेची कार्यालये आणि मैदान नसलेल्या शाळा यांनी त्याची जागा घेतली आहे, व ड जीवनसत्त्वाची उणीव आपल्या सूर्यसंपन्न देशातही सर्वत्र आढळते. धडधाकट माणूस स्वतः बाहेर पडू शकतो. अंथरुणाला खिळलेला वृद्ध, बाळंतीण व लहान मूल यांना कोणीतरी बाहेर न्यावे लागते. तेव्हा घरातील कर्त्या माणसांनी त्यांच्यासाठी रोज अर्धा तास राखून ठेवावा, आणि नगरपालिकांनी प्रत्येक वस्तीत एक मोकळे पटांगण दवाखान्याइतकेच आवश्यक मानून जतन करावे.