पेव फुटलं, म्हणजे नक्की काय फुटलं?

आजचा विषय मला सापडला माझ्याच तांदळाच्या डब्यात. झाकण उघडलं, तर आत सोंडकिड्यांचं पेव फुटलेलं. आईला व्हिडिओ कॉल लावला. ती म्हणाली, "चाळून घे, निवड." चाळले. तीन आठवड्यांनी बघतो तर पुन्हा तेच!

कारण साधं आहे. सोंडकिड्याची मादी सोंडेने दाण्याला भोक पाडते, आत एक अंडं घालते आणि भोक बुजवून टाकते. अळी दाण्याच्या आतच वाढते. उबदार हवेत साधारण महिन्याभरात नवा किडा बाहेर. म्हणजे आपण चाळतो ते फक्त बाहेर आलेले.

पण मघाशी मी सहज "पेव फुटलं" म्हणालो ना, उत्तर त्याच शब्दात होतं.

पेव म्हणजे धान्य साठवायचा जमिनीखालचा खड्डा. तोंड अरुंद, पोट मोठं, रांजणासारखं. आत पाला-चटया लावायच्या, धान्य भरायचं आणि तोंड मातीने लिंपून बंद करायचं. आत धान्य आणि किडे दोघंही श्वास घेतात. ऑक्सिजन संपत जातो, कार्बन डायऑक्साइड साचतो आणि किडे गुदमरून मरतात. औषध नाही, पावडर नाही. किड्याला त्याचाच श्वास मारतो!

सांगलीजवळचं हरिपूर अशाच पेवांसाठी प्रसिद्ध. तिथे हळद साठवायचे. पेव उघडलं की लगेच कुणी आत उतरायचं नाही. आधी हवा खेळू द्यायची, मग कंदील सोडून बघायचं. कंदील विझला, तर माणूसही विझणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. २००५च्या महापुरात या पेवांत पाणी शिरलं, हळदीचं प्रचंड नुकसान झालं आणि पेवं मागे पडली. शब्द तेवढा आपल्या तोंडी राहिला.

खड्ड्यांच्या जागी काय आलं? बऱ्याच ठिकाणी विषारी गोळ्या. अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडची गोळी हवेतला ओलावा लागला की फॉस्फिन वायू सोडते. तो किडे मारतो, तसाच बंद खोलीत झोपलेली माणसंही मारतो. त्यावर उतारा नाही. पेवातला धोका कंदील दाखवायचा. हा धोका दाखवायला घरात काहीच नसतं. म्हणून कुणी कितीही सांगू दे, ही गोळी घरातल्या धान्यात ठेवायची नाही. म्हणजे नाहीच.

गंमत बघा. १९८०च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाने कॅमेरूनमधल्या संशोधकांबरोबर चवळीसाठी तीन थरांची हवाबंद पिशवी तयार केली. तत्त्व? तेच, पेवाचं!

आता आपल्या स्वयंपाकघरात या. तांदळात सोंड असलेला किडा दिसला तर सोंडकिडा. मूग-चवळीच्या दाण्यावर पांढरा ठिपका असेल, तर ते भुंग्याचं अंडं. रव्यात जाळी धरली असेल, तर ती पतंगाच्या अळीची. नवीन पाकीट चार दिवस फ्रीजरमध्ये ठेवा, बाहेर काढून खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मग कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात काठोकाठ भरा. डबा अर्धा रिकामा असला तर किड्याला हवा मिळतेच.

आणि आज आजीला एक फोन कराच. तुमच्या गावात पेव कुठे होतं, तेवढं विचारा. जागा बुजली असेल, पण तिला नक्की आठवेल.